ग्लासातला गाळ आला कुठून? विरघळलेले आयन आणि इलेक्ट्रोडवरची रसायनं

अबोली_सातारा

गेल्या महिन्यात आईचा फोन आला, आवाज घाबरलेला. "इतकी वर्षं आपण हे पाणी प्यायलो?" एवढंच विचारत होती. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक जण घरी येऊन गेला होता. त्याने ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हीत धातूच्या कांड्यांचं एक उपकरण बुडवलं आणि प्लग लावला. दोन मिनिटांत नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, मग चक्क गाळ. त्याच्या बाटलीतलं पाणी होतं तसंच. आई रोजचा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी बाई, तिला कुणी सहज भिववू शकत नाही. पण डोळ्यांदेखत पाण्याचा चिखल झाला तर काय करणार?

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. पुढच्या रविवारी घरी गेले आणि त्याच ओट्यावर तिच्यासमोर प्रयोग केला. सूचना आधीच देते: ती उपकरणं थेट २३० व्होल्टवर चालतात, घरी कुणीही तसलं काही करू नये. मी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरली.

एका ग्लासात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घेतलं, त्यात पॉलिश पेपरने घासलेले दोन लोखंडी खिळे. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग त्यातच चिमूटभर मीठ टाकलं. ऋण टोकाच्या खिळ्यावरून बुडबुड्यांची धार सुटली, धन टोकाच्या खिळ्याभोवती हिरवट ढग जमला आणि पंधरा मिनिटांत तळाशी तपकिरी गाळ. पाणी डिस्टिल्ड, मीठ आमच्याच बरणीतलं.

दुसऱ्या ग्लासात नळाचं पाणी, पण खिळ्यांच्या जागी दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या दोन शिसपेन्सिली. बुडबुडे आले. पाणी नितळ राहिलं.

आई म्हणाली, "म्हणजे खिळा विरघळला."

बरोबर तेच. धनाग्रावर लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ऋणाग्रावर पाणी फुटून हायड्रोजन निघतो आणि हायड्रॉक्साइड मागे राहतो. दोघे भेटले की हिरवट फेरस हायड्रॉक्साइड होतो, हवेतल्या ऑक्सिजनने तो तपकिरी होतो. तो गंजच. विक्रेत्याच्या उपकरणात सहसा एक कांडी लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते, म्हणून पांढरा चिकट साकाही दिसतो. गाळातलं लोखंड कांडीतून आलेलं असतं. पाण्यातल्या क्षारांनी फक्त वीज वाहू दिली.

आता धागा काढायचं खरं कारण. हे शेवटचं वाक्य मी आईला सांगितलं आणि दोन दिवस ते मला टोचत राहिलं. "क्षारांनी फक्त वीज वाहू दिली." वर्गातही आम्ही आयन, म्हणजे क्षार विरघळल्यावर पाण्यात सुटे होणारे भारित कण, हे विजेचे हमाल असंच शिकवतो. इकडचा भार तिकडे नेऊन टाकायचा, रासायनिक क्रियेशी त्यांचा संबंध नाही. पुस्तकात तर त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. माझ्या ग्लासात सोडियम आणि क्लोराइड नुसते प्रेक्षक होते का? मला तसं वाटत नाही. इथे प्लेटिंग, बॅटऱ्या, संशोधन अशा कामांतले लोक आहेत. तुम्ही रोज काय बघता ते सविस्तर लिहा.

रानवारा

ताई, छान लिहिलंत. माझ्या सासूबाईंकडेही अगदी हाच प्रकार झाला आणि त्यांनी यंत्र घेतलंसुद्धा. एकच साधा प्रश्न: मग आरओ घ्यायचाच नाही का?

अबोली_सातारा

@रानवारा, तसं मी म्हणणार नाही. खारं बोअरचं पाणी असेल, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल, तर आरओ उपयोगाचा आहे. पण तो निर्णय प्रयोगशाळेतल्या पाणी तपासणीवर घ्यायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालते. टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, पेनसारखा मीटर मुळात पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो. कॅल्शियम कोणता, नायट्रेट कोणता, हे त्याला कळत नाही. कांड्यांच्या उपकरणाला तर त्याहून कमी कळतं. आणि रोगजंतूंबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत.

शंकेखोर

प्रयोग पटला. पण हमालाची उपमा चुकीची का, ते नाही पटलं. मीठ टाका, सोडा टाका, तुरटी टाका. वीज वाहायला लागली की खिळा विरघळणारच. वाहिलेल्या विजेवरून किती विरघळेल तेही फॅरेडेने सांगून ठेवलंय. मग आयन कोणता याने काय फरक पडतो?

अबोली_सातारा

@शंकेखोर, तुमच्या प्रश्नासाठी काल कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन तास दिले. निकाल सांगते.

दोन बीकर, दोन्हीत २०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी. एकात मीठ, दुसऱ्यात धुण्याचा सोडा. खिळे एकाच पाकिटातले, घासून, वाळवून, तोलून घेतलेले. मल्टिमीटर लावून दोन्हीकडचा प्रवाह ५० मिलिॲम्पिअरवर आणला आणि पंधरा मिनिटं तो तिथेच राखला. म्हणजे हमालांनी दोन्हीकडे ओझं अगदी सारखंच वाहिलं.

फॅरेडेच्या हिशोबाने एवढ्या विजेत १३ मिलिग्रॅम लोखंड विरघळायला हवं. मिठाच्या बीकरमधला धनाग्राचा खिळा १२ मिलिग्रॅमने हलका झाला, पाणी चहासारखं. सोड्याच्या बीकरमधल्या खिळ्याचं वजन तराजूला कळेल इतकं बदललंच नाही. पाणी स्वच्छ. पण त्या खिळ्यावरून बुडबुडे निघत होते, मिठातल्या खिळ्यावर ते नव्हते. तो ऑक्सिजन होता.

वीज तेवढीच, धातू तोच, क्रिया मात्र वेगळी. सोड्याच्या पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर बसतो. लोखंड आत सुरक्षित राहतं आणि इलेक्ट्रॉन पाण्याकडून घेतले जातात. मिठाच्या पाण्यात क्लोराइड तो थर टिकू देत नाही.

मग सोड्याच्याच बीकरमध्ये चमचाभर मीठ टाकून पुन्हा वीज चालू केली. हा भाग मुलांना दाखवताना मला स्वतःला भरून आलं. खिळा बराचसा चकचकीतच राहिला, पण चार-पाच ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडले आणि त्या प्रत्येक ठिपक्यातून तपकिरी रेघ खाली ओघळायला लागली. क्लोराइडने थरातली कमकुवत जागा शोधून तिथेच भोक पाडलं होतं.

(गंजलेली हत्यारं विजेवर साफ करणारे लोक धुण्याचा सोडाच का वापरतात, त्याचं उत्तरही हेच. त्यांच्यासाठी एक इशारा: धनाग्राला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतो. आणि मिठाच्या पाण्यात पेन्सिली लावल्या तर थोडा क्लोरीन निघतो, खिडकी उघडी ठेवा.)

शंकेखोर

तराजूपुढे काही बोलता येत नाही. मान्य.

रत्नाग्री

अबोलीताई, तुमचे ते चार-पाच ठिपके मी गेली अठरा वर्षं बघतोय. फक्त माझे खिळे स्लॅबमध्ये असतात.

मी किनाऱ्यावरच्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो, म्हणजे सळई कायम तुमच्या सोड्याच्या बीकरमध्ये असल्यासारखी. त्या अल्कलीत ती पन्नास-शंभर वर्षंही निवांत राहील. पण खाडीची न धुतलेली वाळू वापरली, किंवा खारा वारा वर्षानुवर्षं आत मुरला, की क्लोराइड सळईपर्यंत पोचतो. बाहेरून वीज लावायचीही गरज नसते. सळईवरचा ठिपका धनाग्र होतो, आजूबाजूची चांगली सळई ऋणाग्र होते आणि ओलं काँक्रीट त्यांच्यामधलं पाणी. लहान धनाग्र, मोठं ऋणाग्र, म्हणून भोक झपाट्याने खोल जातं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो काँक्रीट आतून फोडतो. लोकांना फक्त छताचे पोपडे पडताना दिसतात.

१९६७ साली हाउसमनने एक गुणोत्तर दिलं, आमच्या क्षेत्रात ते अजून सांगतात: क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड यांचं प्रमाण ०.६ च्या पुढे गेलं की सळई धोक्यात. म्हणजे नुसता क्लोराइड किती हा प्रश्नच अर्धा आहे, त्याच्यासमोर उभा असलेला दुसरा आयन किती हेही बघावं लागतं. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, आयएस ४५६ नुसार, आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवा. समुद्राच्या पाण्यात तो १९,००० च्या आसपास असतो. कोकणात घर बांधणाऱ्याने इतर काही नाही तरी वाळू आणि पाणी या दोन गोष्टी स्वतः उभं राहून तपासून घ्याव्यात, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

भोसरीकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. भोसरी एमआयडीसीत आमचं प्लेटिंगचं शॉप आहे, बावीस वर्षं झाली. मी डिप्लोमावाला, थिअरी कमी. पण आयन हमाल असतो हे आमच्या शॉपमधला हेल्परसुद्धा मान्य करणार नाही.

क्रोमचं उदाहरण घ्या. हार्ड क्रोमची टाकी म्हणजे लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्यात फक्त अडीच ग्रॅम सल्फ्युरिक. शंभराला एक. हे १०० : १ प्रत्येक क्रोमवाल्याला तोंडपाठ असतं. आता गंमत बघा, क्रोमिक ॲसिडच्या नुसत्या पाण्यातून वीज भरपूर वाहते, हमालांची तिथे काही कमी नाही. पण सल्फेट नसेल तर जॉबवर, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूवर, क्रोम बसतच नाही. कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकाला लावलेल्या जॉबवर, एक थर धरतो, हायड्रोजन निघत राहतो, बास. ते एक टक्का सल्फेट टाकलं की चकाकता क्रोम चढायला लागतो. सल्फेट स्वतः क्रोममध्ये जात नाही, संपत नाही, फक्त ड्रॅग आउटमध्ये, म्हणजे जॉबला चिकटून बाहेर, जाईल तेवढंच. सल्फेट कमी पडलं तर तपकिरी, इंद्रधनुष्यासारखे डाग. जास्त झालं तर खोलगट जागी क्रोम पोचत नाही, मग बेरियम कार्बोनेट टाकून ते खाली बसवायचं. सार्जंटने १९२० मध्ये हे बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, छापलं आणि कोलंबिया विद्यापीठातल्या फिंकला १९२६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. शंभर वर्षं झाली, आकडा तोच.

आता क्लोराइड. एका उन्हाळ्यात आमच्याकडे पाणीटंचाई होती, टँकर मागवला आणि एका मुलाने घाईत क्रोमच्या टाकीत तेच पाणी टाकलं. बोअरचं होतं. दोन दिवसांत जॉब करडे यायला लागले, कडांवर डाग, शिशाचे अॅनोड, म्हणजे धन टोकाच्या पट्ट्या, खराब. सगळ्यांनी रेक्टिफायरवर संशय घेतला. हल सेल केला, म्हणजे छोट्या भांड्यात पत्र्यावर बाथची चाचणी घेतली, तेव्हा कळलं, क्लोराइड. पाच दिवस डमी चालवून, म्हणजे फालतू पत्रा लावून जोरात वीज सोडून, अॅनोडवरून तो क्लोरीनच्या रूपाने बाहेर काढला. त्या आठवड्याचा सगळा माल उशिरा गेला. तो मुलगा आज आमचा सर्वांत काटेकोर माणूस आहे, डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याशिवाय टाकीला हात लावू देत नाही.

आणि त्याच छताखाली, वीस फुटांवर, अॅसिड कॉपरची टाकी आहे. तिथे आम्ही क्लोराइड मुद्दाम घालतो! लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम. तो नसेल तर महागातला ब्राइटनर, म्हणजे चमक आणणारं रसायन, ओतूनही तांबं मंद, रेघा असलेलं येतं. एका टाकीत विष आणि दुसरीत औषध. शेजारच्या निकेलच्या टाकीत क्लोराइड अॅनोडसाठी लागतो, तो नसेल तर निकेलचे अॅनोड मख्ख बसून राहतात, विरघळत नाहीत. १९१६ सालच्या वॉट्स बाथपासून निकेल क्लोराइड त्यासाठीच घालतात. तीन टाक्या, एकच आयन, तीन वेगळी कामं.

अबोली_सातारा

दादा, "एका टाकीत विष आणि दुसरीत औषध" हे वाक्य मी उद्या फळ्यावर लिहिणार आहे. परवानगी धरते.

निकेलचं तुम्ही सांगितलंत ते माझ्या खिळ्यासारखंच आहे ना? थर मोडणारा क्लोराइड. तिथे तो हवाच असतो, काँक्रीटमध्ये नको असतो.

भोसरीकर

हो, तेच. वर्गासाठी कधीही वापरा.

कालव्याकाठी

मूळची डोंबिवलीची, सध्या नेदरलंड्समध्ये याच विषयावर पीएचडी करते. @भोसरीकर, तुमच्या कॉपर टाकीबद्दल थोडं. क्लोराइड तांब्याच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतो. बाथमध्ये जो लांब साखळीचा पॉलिमर असतो, त्याला तांब्यावर धरून ठेवायला हा क्लोराइड लागतो. पॉलिमर धरला की तिथे तांबं हळू बसतं. ब्राइटनरमधला गंधकाचा रेणू उलट काम करतो, पॉलिमरला बाजूला सारून वेग वाढवतो, आणि त्यालाही क्लोराइडची सोबत लागते. या ओढाताणीमुळे खोल चरांत तळाशी वेग जास्त आणि वर कमी असं साधता येतं. आयबीएमने १९९७ मध्ये चिपमधल्या तारा ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या केल्या, त्या भरायला हीच रसायनं वापरतात. तुमच्या टाकीतली आणि संगणकाच्या चिपमधली युक्ती एकच आहे, हे तुमच्या मुलांना जरूर सांगा.

दिवाबत्ती

इन्व्हर्टर बॅटरीचं माझं दुकान आहे. लोक विचारतात, नळाचं पाणी टाकलं तर काय होतं, पाणीच तर आहे. सगळ्यात वाईट लोखंड. बॅटरीत त्याचे दोन प्रकारचे आयन होतात. धन प्लेटवर तो एक इलेक्ट्रॉन देतो, मग पोहत ऋण प्लेटवर जातो, तिथे एक घेतो, पुन्हा परत. अशा फेऱ्या दिवसरात्र. बाहेर काही जोडलेलं नसतानाही बॅटरी आतल्या आत उतरत जाते. हा खरंच हमाल आहे, पण चोरटा.

शंकेखोर

आता माझा विरोध नाही, कुतूहल आहे. क्लोराइड, सल्फेट, लोखंड हे निदान काहीतरी करतात, चिकटतात, थर फोडतात, इलेक्ट्रॉन नेतात. पण सोडियम-पोटॅशियमचं काय? पाण्यात त्यांना कुणी इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही, ते कशाला चिकटत नाहीत. ते तरी प्रेक्षक असतील?

जुना_फळा

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. एम.एस्सी.च्या वर्गात माझा हा सर्वांत आवडता तास असे.

पृष्ठभागाजवळ काय घडतं ते आधी बघा. इलेक्ट्रोडला ऋण भार दिला की द्रावणातले धन आयन ओढले जाऊन समोर रांग धरतात. दोन विरुद्ध भारांच्या या जोडीचं चित्र हेल्महोल्ट्झने १९ व्या शतकात मांडलं. गुईने १९१० मध्ये आणि चॅपमनने १९१३ मध्ये सांगितलं की ही रांग घट्ट नसते, उष्णतेने विस्कटलेली असते. १९२४ मध्ये स्टर्नने दोन्ही जोडले: जवळ एक घट्ट थर, मागे विरळ ढग. या थराची जाडी रेणूंच्या मापाची, एका नॅनोमीटरच्या आतबाहेर. एवढ्याशा अंतरात एक व्होल्ट पडला तर विद्युतक्षेत्र होतं मीटरला सुमारे १०० कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत साधारण ३० लाखाला ठिणगी पडते. म्हणजे तुमच्या खिळ्याच्या अगदी समोर ठिणगीच्या शेकडो पट तीव्र क्षेत्र शांतपणे उभं असतं, आणि रेणूला त्यातूनच इलेक्ट्रॉन घ्यायचा असतो. त्या जागी कोण उभं आहे यावर सगळं ठरतं.

१९३३ मध्ये मॉस्कोच्या फ्रुमकिनने हे गणितात आणलं. त्याच्या परंपरेतलं जे उदाहरण मी फळ्यावर काढायचो ते असं. पारा हा ऋण इलेक्ट्रोड. त्यावर परसल्फेटचं क्षपण करायचं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन द्यायचे. परसल्फेट स्वतः ऋण, त्यावर दोन ऋण भार. द्रावण विरळ. आता इलेक्ट्रोड जास्त जास्त ऋण करत जा. जोर वाढवला की प्रवाह वाढेल, अशीच कुणाचीही अपेक्षा. प्रत्यक्षात एका टप्प्यानंतर प्रवाह खाली येतो! ऋण पृष्ठभाग ऋण आयनाला दूर ढकलतो, तो जवळच येऊ शकत नाही. आता त्यात सोडियमचा साधा क्षार घाला. प्रवाह परत वर येतो. सोडियमने काही दिलं नाही, घेतलं नाही. तो फक्त मधे उभा राहिला आणि त्याने तिरस्कार झाकला. सोडियमऐवजी पोटॅशियम घ्या, प्रवाह आणखी वर. सीझियम घ्या, त्याहून वर. लिथियम सर्वांत मागे.

हा आलेख पाहिल्यावर वर्गात शांतता पसरायची. ती शांतता मला अजून आठवते.

शंकेखोर

सर, नमस्कार. पण सीझियम पुढे आणि लिथियम मागे का? सगळ्यांवर एकच धन भार आहे. उलट लिथियम आकाराने सर्वांत लहान, तो जास्त जवळ जायला हवा.

कालव्याकाठी

सर, तुमचं वाचून माझ्या प्रबंधाची प्रस्तावना पुन्हा लिहावीशी वाटतेय.

@शंकेखोर, डोंबिवलीच्या भाषेत सांगते. सकाळच्या लोकलमध्ये दारापर्यंत कोण पोचतं हे अंगावर ठरत नाही, पाठीवरच्या सॅकवर ठरतं. लिथियम अंगाने लहान, म्हणून त्याचा भार एका जागी दाटलेला, म्हणून तो पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो. त्याची सॅक प्रचंड. सीझियम अंगाने मोठा, भार पसरलेला, पाण्यावरची पकड सैल. दाराशी आला की सॅकमधलं थोडं पाणी सोडून तो आत सरकतो आणि पृष्ठभागाला अगदी भिडतो.

माझं काम कार्बन डायऑक्साइडपासून विजेवर उपयोगी रसायनं बनवण्याचं. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या चिबा विद्यापीठात होरी यांनी दाखवलं की तांब्याच्या इलेक्ट्रोडवर त्यापासून मिथेन आणि एथिलीन मिळतं. १९९१ मध्ये मुराता आणि होरी यांनी नुसता क्षार बदलून पाहिला. लिथियमच्या क्षारात हायड्रोजनच जास्त निघतो, पोटॅशियम आणि सीझियमकडे जाऊ तसं एथिलीनचं पारडं जड होत जातं. इलेक्ट्रोड तोच, वायू तोच.

तीस वर्षं लोक याला "परिणाम" म्हणत राहिले, म्हणजे मूळ क्रिया होतेच, आयन ती कमीजास्त करतो. २०२१ मध्ये लायडन विद्यापीठातल्या मार्क कोपर यांच्या गटाने थेट विचारलं, धातूचा आयन अजिबातच नसेल तर? त्यांनी अगदी विरळ सल्फ्युरिक आम्ल घेतलं, त्यात धन आयन फक्त हायड्रोजनचे. तांबं, चांदी, सोनं, तिन्हींवर पाहिलं. कार्बन डायऑक्साइडचं क्षपण झालंच नाही, निघाला तो फक्त हायड्रोजन. सीझियमचा थोडा क्षार घातला आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागला. त्यांचं म्हणणं असं की कार्बन डायऑक्साइड पहिला इलेक्ट्रॉन घेऊन वाकतो, तेव्हा त्या अस्थिर रूपाला शेजारचा, सॅक थोडी उतरवलेला धन आयन आधार देतो. आधार नसेल तर तो वाकतच नाही. तुमच्या "प्रेक्षक असतील?" याचं उत्तर मला तरी इथे मिळालं.

पण सीझियम नेहमीच पुढे असतो असं मानू नका. अल्कलीत हायड्रोजन काढताना सोन्यावर सीझियम पुढे असतो, प्लॅटिनमवर बरोबर उलट, लिथियम पुढे. पुन्हा त्याच प्लॅटिनमवर ऑक्सिजनचं क्षपण करायचं तर लिथियम वाईट. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या स्त्रम्चनिक आणि मार्कोविच यांच्या गटाने २००९ मध्ये याचं कारण दिलं होतं: प्लॅटिनमला चिकटलेला हायड्रॉक्साइड आणि लिथियमची पाण्याने भरलेली सॅक एकमेकांत अडकून जागा अडवून बसतात. धातू कोणता, क्रिया कोणती, हे बघितल्याशिवाय क्रम सांगता येत नाही. भोसरीकरांच्या तीन टाक्यांसारखंच.

रानवारा

आरओबद्दल विचारायला आले होते आणि कुठे येऊन पोचले! मग कारखान्यांत सीझियमच का वापरत नाहीत?

कालव्याकाठी

महाग आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी पोटॅशियमवर काम चालवतात. पोटॅशियमचीही वेगळी डोकेदुखी. तो बायकार्बोनेट होऊन इलेक्ट्रोडच्या बारीक छिद्रांत स्फटिक धरतो आणि वायूची वाटच बंद करतो. माझे गेले चार महिने त्या स्फटिकांत गेले.

आणि अबोलीताई, तुमच्या गाळाशी जुळणारी एक गोष्ट राहिलीच. पाण्यापासून हायड्रोजन काढायच्या अल्कलीच्या यंत्रांत धनाग्राला निकेल वापरतात. वर्षानुवर्षं सगळ्यांची समजूत अशी की निकेल ऑक्साइड हा ऑक्सिजन काढायला उत्तम उत्प्रेरक आहे, वापरेल तसा तो आणखी सुधारतो. १९८७ मध्ये कॉरिगनने लोखंडाच्या अशुद्धीकडे बोट दाखवलं होतं. २०१४ मध्ये ओरेगॉनमधल्या ट्रॉटोशॉ आणि बॉएचर यांच्या गटाने पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधला लोखंडाचा अंश कसोशीने काढून टाकला. शुद्ध म्हणून बाटलीत मिळणाऱ्या रसायनातही तो असतोच. तो गेल्यावर निकेल अगदी सुमार निघाला. सगळी करामत द्रावणातून येऊन निकेलमध्ये शिरलेल्या लोखंडाच्या आयनांची होती. तुमच्या ग्लासात लोखंड कांडीतून आलं आणि दोष पाण्याला लागला, इथे लोखंड पाण्यातून आलं आणि श्रेय कांडीला मिळालं.

अबोली_सातारा

हे वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आईलाही फोनवर वाचून दाखवलं. तिने सीझियमची सॅक दोनदा ऐकली.

सर्वांचे मनापासून आभार. प्रेक्षक आयनाचा धडा यंदा मी तीन बीकरपासून सुरू करणार: मीठ, सोडा, सोड्यात मीठ. शब्द पुस्तकातला राहील, कारण बेरीज-वजाबाकीच्या समीकरणात तो खरा आहे. पण पृष्ठभागाचं चित्र त्याच तासाला काढेन.

@भोसरीकर दादा, एक विनंती. वीस-बावीस मुलं आहेत, त्यांना तुमच्या तिन्ही टाक्या आणि हल सेल बघता येईल का? सातारहून सकाळी निघू.

भोसरीकर

या की! गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, शुक्रवारी या. दहा-दहाच्या तुकड्या करू, जागा अरुंद आहे. सगळ्यांना बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सांगा, चष्मे मी देतो. क्रोमच्या टाकीपाशी मी स्वतः उभा राहीन, तिथे कुणी हात लावायचा नाही. हल सेलसाठी दोन पत्रे तयार ठेवतो, एक चांगल्या बाथचा आणि एक त्यात थोडं टँकरचं पाणी टाकून. टँकरवाला पत्रा तोच मुलगा करून दाखवेल.